एकानंतर दहा

मी एकतीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. त्यामुळे मला आधी चुका दिसतात, मग माणसं. उलटी लावलेली फाइल मला दारातूनच दिसायची, आणि लावणाऱ्याला ते दिवसभर ऐकून घ्यावं लागायचं. हे आधीच सांगते, कारण आता ज्या चुकीबद्दल सांगणार आहे ती माझ्या नाकासमोर होती आणि ती दिसायला मला सात महिने लागले.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेव्हा माझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी माझ्याआधीच निवृत्ती घेतली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर वेळी चार तास. मी म्हटलं, बरं. घरी आले, भांडी घासली, झोपले. धाकटी बहीण फोनवर हमसून हमसून रडत होती आणि मी तिला विचारत होते, तुझ्याकडे माझा स्टीलचा डबा राहिलाय तो कधी देणार. लोकांना वाटलं मी धीराची. धीर कसला! दाढ काढायच्या आधी गाल बधिर करतात तसं माझं सगळंच झालं होतं, आणि ते उतरायचं नाव घेत नव्हतं.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. माझी पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा. आठ खुर्च्या, आठ मशिनं, भिंतीवर आठ खुंट्या. रक्त मशीनमधून फिरायला लागलं की थंडी वाजते, म्हणून प्रत्येकाने घरून आपलं पांघरूण आणायचं आणि आपल्या नंबरच्या खुंटीला अडकवून ठेवायचं. माझी खुर्ची चौथी, पांघरूण तपकिरी. पहिल्याच आठवड्यात एका गुरुवारी सहाव्या खुंटीवरचं निळं पांघरूण दिसलं नाही. सगळ्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि आपापल्या हाताकडे बघत बसले. शनिवारी तिथे नवा माणूस होता, नवं पांघरूण होतं. खुंटी रिकामी दिसली की विचारायचं नाही, हा तिथला नियम. मला सोयीचा वाटला.

समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. त्याच्या मागे एक पेन ड्राइव्ह खोचलेला, माझ्याआधी चौथ्या खुर्चीवर जो कुणी बसायचा त्याने आणलेला. त्यात एकच मालिका होती, ‘ध्रुवनौका’. तेवीस वर्षं चाललेली, दर वर्षाचा वेगळा फोल्डर, दर फोल्डरमध्ये बावीस भाग. सुया टोचून झाल्या की ब्रदर ती लावून द्यायचा, एक फोल्डर संपला की पुढच्या वर्षाचा स्वतः शोधून उघडायचा. ब्रदर म्हणजे आमचा नर्स, तिशीतला, सगळ्यांना मावशी-काका म्हणणारा. त्याला मी दोनदा सांगितलं की मी तुझी मावशी नाही. तो म्हणाला, बरं मावशी.

मालिका अशी, की अंतराळात दिव्यांची एक लांबच लांब रांग आहे, जहाजांना वाट दाखवायला. ते दिवे बिघडतात. ध्रुवनौका आणि तिच्यावरची आठ-दहा माणसं ते दुरुस्त करत फिरतात. माणसं म्हणजे एक आपलं म्हणायचं. त्यांच्यात एक हिरवट ढगही होता, तो फक्त प्रश्न विचारायचा. वॉर्डात त्याला ढगोबा म्हणत. आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा दोन वर्षं बंद आहे आणि इकडे ही मंडळी दिव्यासाठी सूर्य ओलांडून जातायत, हे बघून माझं डोकं फिरायचं. मी डोळे मिटून पडून राहायचे.

रिमोट पहिल्या खुर्चीवरच्या टेलरच्या ताब्यात असे. चाळीस वर्षं कोट शिवलेला माणूस, अकरा वर्षं डायलिसिसवर. आमच्यात सगळ्यात जुना. तो मालिकासुद्धा शिंप्याच्या नजरेने बघायचा.

“कप्तानाच्या खांद्याला झोळ बघा,” तो म्हणायचा. “तेवीस वर्षांत एकालाही बाही लावता आली नाही.”

मला ही मालिका कशी लागली तेही सांगते, कारण ते कौतुकाने झालं नाही. पाचव्या महिन्यात तेविसावं वर्ष संपून पुन्हा पहिलं सुरू झालं होतं. एका सकाळी माझं मशीन सारखं पीं पीं करत होतं, म्हणून डोळा लागेना. टीव्हीवर नौकेची यंत्रप्रमुख, पन्नाशीची एक उंच बाई, जुन्या दिव्यांच्या नोंदी शोधत होती. कपाटभर कार्डं. तिने एक कार्ड काढलं आणि त्या जागी पेन्सिल आडवी ठेवली, परत लावताना जागा सापडावी म्हणून. मी उठून बसायचीच बाकी होते. हे मी एकतीस वर्षं केलं आहे आणि एकतीस वर्षं नव्या कारकुनांना ओरडून सांगितलं आहे, आणि ऐकलं नाही कुणी.

“ही कोण?” मी विचारलं.

टेलरने रिमोट पांघरुणावर ठेवला. पाच महिन्यांत मालिकेबद्दल मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. “ही यंत्रबाई,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं, तुम्हाला हीच आवडणार.”

“आवडली नाही. नीट काम करते, एवढंच.”

“तेच ते,” टेलर म्हणाला.

तिथून पुढे मी बघायला लागले. मंगळवारी सकाळी जिना चढताना आपण जरा भरभर चढतोय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी मुद्दाम हळू चढले. कचेरीतून आणलेली कोरी कार्डं घरी पडून होती, ती पर्समधून न्यायला लागले. दर भागाला एक कार्ड: कोणता दिवा, कोण गेलं, कोण आलं, काय चुकलं. उजव्या हाताने लिहायचं. डाव्या हातात सुया असत. टेलर मला रेकॉर्डबाई म्हणू लागला. काही बाबतीत तो माझ्याकडे निकाल मागायचा, आणि मी कार्ड काढून द्यायचे.

मालिकेत माणसं फार मरायची. पण मेली तरी अडत नसे, कारण ती परत यायची. पहिल्या वर्षात ढगोबा फुटून विरून गेला आणि पुढच्याच भागात नौकेच्या स्वयंपाकघरात प्रश्न विचारत हजर. मी चिडून म्हटलं, हा काय पोरखेळ आहे? तर टेलरने शांतपणे समजावलं, की जो दिव्याच्या उजेडात मरतो त्याची लाट उजेडात राहते, आणि ती फिरून परत येते. विज्ञान आहे. बाकीच्या सहा खुर्च्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या वर्षातला पहिला कप्तान मात्र गेला तो तिसरं वर्ष संपलं तरी आला नव्हता.

“त्याचं काय?” मी विचारलं.

“काहींना वेळ लागतो,” टेलर म्हणाला.

अख्खी मालिका एकदा फिरायला दहा महिने लागतात. दोन फेऱ्या पाहिलेलं वॉर्डात टेलर सोडून कुणी नव्हतं. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

आता धाकटीबद्दल. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते आणि तिचं तोंड दिवसभर चालू असतं. तिसऱ्या महिन्यात ती मला म्हणाली, “ताई, माझी एक किडनी घे.” जशी काही छत्री देत होती. मी काही बोलायच्या आत ती तपासण्या करूनही आली. सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणींतही इतकं जुळत नाही. आमचं याआधी आयुष्यात कधी काही जुळलं नव्हतं. फॉर्मवर तिची सही झाली, तिच्या नवऱ्याची झाली. माझी राहिली. ती फाइल माझ्या फ्रिजवर पडून होती.

“कधी करतेस सही?”

“बघू.”

दर रविवारी हे एवढंच. तपासण्यांची मुदत सातव्या महिन्याच्या अखेरीला संपत होती. त्यानंतर सगळं पहिल्यापासून, आणि धाकटीचा रक्तदाब हल्ली वर सरकायला लागला होता. पुढच्या खेपेला तिला पास करतीलच याचा भरवसा नाही, असं डॉक्टर मला स्पष्ट म्हणाले होते. म्हणजे सही केली तर महिनाअखेरपर्यंत, नाहीतर बहुधा कधीच नाही. हे मला नीट कळत होतं. कळत होतं आणि काही वाटत नव्हतं. सही करावीशीही वाटत नव्हती आणि करू नयेशीही. फ्रिज उघडताना मी फाइल जराशी मागे सरकवायचे, पडू नये म्हणून.

चौथ्या वर्षात यंत्रबाई मेली. ती आणि नौकेवरचा डॉक्टर दोघं बाहेर दिव्यावर चढलेले, डॉक्टरच्या पोशाखाची बॅटरी संपली. यंत्रबाईने स्वतःच्या पोशाखातली काढली, त्याच्या पोशाखात बसवली, वर खटका नीट लागलाय ना हे दोनदा तपासलं, आणि मग संपली. मी कार्डावर लिहिलं: ‘यंत्रबाई मृत. खटका तपासला, हे बरोबर.’ पुढच्याच भागात ती जिन्यावरून टणाटण उतरत आली. मी लिहिलं: ‘परत.’ मग तीन भाग ती दिसली नाही. त्यातल्या पहिल्या भागात तर डॉक्टर नुसता टेबलाशी बसून राहतो, जेवायला दोन ताटं मांडतो आणि एकात जेवतो. वॉर्डात कुणाला काही कळेना. ही बाई आताच तर हिंडत होती, मग हा असं तोंड का पाडून बसलाय? मी लिहिलं: ‘भाग टाकाऊ. डॉक्टर उगीच ताट मांडतो.’ नंतर सात भाग ती होती, आणि वर्ष संपलं.

त्या रविवारी धाकटी आली ती नवा चष्मा घेऊन. माझ्या डोळ्यांचा नंबर कधीच बदलला होता आणि मला ते जाणवतही नव्हतं. तिने माझ्या नाकावर चष्मा चढवला, मान मागे करून बघितलं, कानामागची काडी वाकवली, पुन्हा बघितलं.

“आता तरी जग दिसेल तुला,” ती म्हणाली.

“जगात काय बघायचंय,” मी म्हटलं.

“बघू म्हणतेस ना दर रविवारी? मग घे, बघ.” आणि फ्रिजवरच्या फाइलकडे न पाहता ती गेली. महिना संपायला नऊ दिवस होते.

मंगळवारी पाचवं वर्ष लागलं. पहिला भाग सुरू होताना टीव्हीच्या खालच्या कडेला दोन सेकंद एक पट्टी आली. ती रोजच यायची. मला ती नुसती पांढरी रेघ दिसायची. आता त्यावर अक्षरं होती: ५-१. भाग संपला. पुढचा लागला. पट्टी आली: ५-१०.

मी चष्मा काढून पुसला. तिसरा भाग: ५-११.

रेकॉर्ड रूममध्ये पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने आमच्या फाइली अशाच लावल्या होत्या. एकानंतर दहा, अकरा, बारा, असं एकोणीसपर्यंत, मग दोन, मग वीस. मशीन आधी पहिला आकडा बघतं, आणि एकाने सुरू होणारे सगळे आधी घेतं. आठवडाभर कचेरीत गोंधळ होता आणि तो मीच निस्तरला होता. आणि मी, मी, सात महिने त्या भिंतीसमोर बसून होते.

दुपारी घरी आल्यावर चौथ्या वर्षाची कार्डं पलंगावर मांडली. बघितलेलं दुसरं कार्ड दहावं केलं, तिसरं अकरावं. यंत्रबाईच्या मरणाचं कार्ड एकोणिसावं निघालं. तिच्या परत येण्याचं कार्ड दुसरं. ते उचलून वर नेलं, शेवटची सात कार्डं त्याच्यामागे लावली. पाच मिनिटांचं काम. आता ओळ सरळ होती. एकोणिसाव्यानंतर तीन कार्डं, आणि त्या तिन्हींत ती नव्हती. कुणीच परत आलेलं नव्हतं. ढगोबा नाही, कप्तान नाही, कुणी नाही.

मी ओळ पुन्हा एकदा तपासली आणि दोन बिस्किटं खाल्ली.

गुरुवारी मी आल्याआल्या टेलरच्या खुर्चीशी गेले आणि हळू आवाजात सांगितलं, “भागांचा क्रम चुकलाय. पेन ड्राइव्ह द्या, मी नीट लावून आणते.”

टेलर वजनकाट्यावरून नुकताच उतरला होता. तो बाही वर करत म्हणाला, “नको.”

“नको काय? सगळं उलटंसुलटं बघतोय आपण.”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तरुण होतो तेव्हा दर रविवारी बघायचो. दुकान बंद ठेवून. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ओळीने.” त्याने आजूबाजूला पाहिलं. “आठव्या खुर्चीवर एक बाई होत्या, तुमच्या आधी. त्यांनी मला विचारलं, कप्तान परत येणार ना? मी म्हटलं, येणार. येईपर्यंत त्या काही राहिल्या नाहीत. पण येणार म्हणून बसल्या होत्या ना, रेकॉर्डबाई. दोन महिने बसल्या होत्या.”

मला हे पटलं नाही. चूक ती चूक.

“एक करा,” तो म्हणाला. “पेन ड्राइव्ह शनिवारी घरी न्या. चौथ्या वर्षातला एकोणीस आणि त्याच्यानंतर लगेच वीस, असे दोनच भाग बघा. आणि मंगळवारी जसा आहे तसा आणून लावा.”

शनिवारी दुपारी भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर मी ते दोन भाग लावले. एकोणिसाव्यात यंत्रबाईने खटका दोनदा तपासला. मग विसावा. मी ज्याला टाकाऊ म्हटलं होतं तो. डॉक्टर टेबलाशी येतो. दोन ताटं मांडतो. कुणी त्याला काही म्हणत नाही. तो जेवतो, कारण भूक लागते. दुसरं ताट तसंच धुतो. शेवटी तिची हत्यारांची पिशवी उचलतो आणि दिव्यावर चढतो. काम येत नाही, पाना दोनदा हातातून सुटतो, आणि दिवा लागतो तो जरा वाकडा. संपलं.

मी रडले. किती वेळ ते सांगता येणार नाही. बधिरपणा उतरतो तेव्हा आधी मुंग्या येतात आणि मग दुखतं. मला एकदम धाकटी दिसली, टेबलावर झोपवलेली, तोंड बंद असलेली. तिचं तोंड बंद असलेलं मी कधी पाहिलेलं नाही. मी भयंकर घाबरले. सात महिन्यांत स्वतःच्या मरणाला घाबरले नव्हते ती मी.

तिला फोन लावला. “नाही म्हणजे नाही,” मी म्हटलं. “मला नको तुझं काही.”

“काय झालं?”

“तू मेलीस तर?”

“ताई, तू रडतेयस?”

“सर्दी झालीय.”

“मी आलेच,” म्हणाली, आणि अर्ध्या तासात दारात. दुकानातला निळा कोट तसाच अंगावर. तिने मला पाणी दिलं, घोटभरच, मापाने; मला किती चालतं ते तिला पाठ होतं. मी तिला सगळं सांगितलं. यंत्रबाई, बॅटरी, दोन ताटं. तिने ऐकून घेतलं, हेच मोठं नवल.

“म्हणजे तुला भीती वाटते, की तू मागे राहशील आणि ताट मांडत बसशील,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि मी?”

“तू काय?”

“तुझं ते तपकिरी पांघरूण,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला. “तू गेलीस की त्या खुंटीवरून ते कोण आणणार? मीच ना? मी जिना चढून जायचं, त्या सात जणांसमोर ते काढायचं, घडी घालायची आणि घरी घेऊन यायचं. मग ते कुठे ठेवायचं गं मी? सात महिने रोज माझ्या डोळ्यांसमोर ती खुंटी आहे आणि तू म्हणतेस, बघू!”

पांघरुणं कोण घेऊन जातं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. निळं पांघरूण दिसलं नाही, एवढंच मी पाहिलं होतं. ते काढायला कुणीतरी आलं असणार. आठव्या खुर्चीचंही. कुणीतरी घडी घातली असणार.

मी फ्रिजवरची फाइल काढली. वर धूळ होती, ती पुसली. तीन ठिकाणी सही करायची होती. तिसरी सही वाकडी आली.

“राहू दे तशीच,” धाकटी म्हणाली.

पुढे सगळं भराभर झालं. मंगळवारी पेन ड्राइव्ह जसा होता तसा परत लावला. टेलरने भुवई उंचावली, मी मान हलवली. त्याच्याशी नीट बोलायचं राहून गेलं. ऑपरेशन दुसऱ्या, मोठ्या हॉस्पिटलात होतं, आणि त्यांच्याकडची एक तारीख अचानक मोकळी झाली म्हणून शुक्रवारीच बोलावलं. मी वॉर्डात कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगत सुटणारी मी नव्हेच. शनिवारी भल्या सकाळी, सातची पाळी यायच्या आत, धाकटीच्या नवऱ्याने जाऊन माझं पांघरूण खुंटीवरून काढून आणलं. तिथे रात्रपाळीची नवी सिस्टर होती, तिने सही घेतली आणि दिलं. मोठ्या हॉस्पिटलातही थंडी वाजेल, म्हणून धाकटीनेच त्याला पाठवलं होतं. आपण काय केलं हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

चार महिन्यांनी मला मास्क लावून बाहेर पडायची परवानगी मिळाली. मी म्हटलं, वॉर्डात जाऊ. धाकटी सोबत आली, जिन्यावर थांबत, कमरेवर हात ठेवून, टाक्यांच्या नावाने बडबडत. ती जिवंत होती आणि बडबडत होती. मी तिला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

दारातून मी आधी खुंट्या पाहिल्या. तीन पांघरुणं अनोळखी होती. चौथ्या खुंटीवर पिवळं, आणि चौथ्या खुर्चीवर एक जाडसर गृहस्थ, नवे, हातावरच्या पट्टीकडे अजून सारखे बघणारे. पहिल्या खुर्चीवर टेलर होता. तो खूप बारीक झाला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो पाहतच राहिला. मी मास्क क्षणभर खाली केला.

“पांघरूण गेलं होतं तुमचं,” तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. चार महिने. चार महिने त्या खुंटीकडे बघून त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

“थंडी वाजेल म्हणून नेलं होतं,” मी म्हटलं. “ही माझी बहीण. हिने दिली मला एक.”

टेलरने पांघरुणाचं टोक वर ओढून डोळे पुसले, नाक पुसलं, आणि कॉलर नीट केली. मग तो मोठ्याने, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा! म्हटलं होतं की नाही? येतात परत.”

सातही खुर्च्यांनी माझ्याकडे पाहिलं. ब्रदर हातात नळी घेऊन तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी?” मी म्हटलं, “हो रे.”

“कोण परत येतं?” धाकटीने माझ्या कानाशी विचारलं. “हे कुणाबद्दल बोलतायत?”

“मालिकेबद्दल,” मी म्हटलं.

टीव्हीवर चौदावं वर्ष चालू होतं. एक भाग संपला. तिसरा कप्तान त्यात दिव्याखाली चिरडून मेला. पुढचा लागला. खाली पट्टी आली, १४-२, आणि कप्तान शिट्टी वाजवत जिना उतरला. मी पाण्याची बाटली पर्समध्ये खोल दाबली. आता मला हवं तेवढं पाणी पिता येत होतं आणि त्या खोलीत इतर कुणाला येत नव्हतं.

चौथ्या खुर्चीवरचे गृहस्थ एकदा कप्तानाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, “ताई, खरंच येतात का हो?”

माझ्या पर्समध्ये अजून कार्डं होती, चौथ्या वर्षाची, सरळ ओळीत लावलेली.

“येतात,” मी म्हटलं. “काहींना वेळ लागतो.”